एकशे आठ धावा कमी

"सर, हे विजय हजारे म्हणजे अण्णा हजारेंचे कोण?"

प्रश्न आमच्या टीममधल्या नव्या पोराचा. कॅंटीनच्या टीव्हीवर विजय हजारे करंडकाचा कुठलातरी सामना चालू होता आणि आम्ही पाचसहा जण चहा पीत कोडचा विषय टाळत उभे होतो. मी म्हटलं, "कोणी नाहीत रे. सांगलीचे होते. जुने बॅट्समन. फार मोठे." त्यावर त्याने सरळ विचारलं, "किती मोठे?"

आता 'फार मोठे' हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण 'किती' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंजिनिअर माणसाला 'किती'चं उत्तर देता येऊ नये म्हणजे जरा लाजच. म्हणून हा विकांत त्यात घातला. बायकोने दोनदा विचारलं की एक्सेल उघडून बसलायस ते ऑफिसचं आहे का. नाही म्हटल्यावर तिने जो चेहरा केला तो इथे लिहीत नाही. असो.

आमच्या घरात दोन जिल्हे नांदतात. बाबा साताऱ्याचे, आई सांगलीची. कृष्णा एकच, पण कऱ्हाडच्या अलीकडे-पलीकडे अभिमानाचे विषय वेगळे. बाबांकडच्या गप्पा फिरून फिरून गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांवर येतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि तरी हयातीत पद्म पुरस्कार नाही. अर्जुन मिळाला तोही गेल्यानंतर. हे गाऱ्हाणं सातारा जिल्ह्यात घरोघरी पाठ आहे, आणि रास्त आहे. आईकडे, सांगलीला, मात्र हजारेंबद्दल गाऱ्हाणं असं काही नाहीच. १९६० साली पद्मश्री मिळाली. जसू पटेल आणि हजारे, पद्मश्री मिळालेले पहिले क्रिकेटपटू. १९९६ साली बोर्डाचा सी. के. नायडू पुरस्कार मिळाला. देशाच्या एकदिवसीय स्पर्धेला नाव दिलं. मग तक्रार कसली करायची?

मला वाटतं खरी गोम इथेच आहे. गाऱ्हाणं असलं की निदान माणसाची गोष्ट सांगितली जाते. हजारेंचं नाव दर हिवाळ्यात हजार वेळा घेतलं जातं आणि माणूस कोण हे विचारावं लागतं.

तर मुद्दा असा. आयसीसीने जानेवारी २००९ मध्ये हॉल ऑफ फेम सुरू केलं. जून २०२५ पर्यंत त्यात ११ भारतीय गेले: बेदी, गावसकर, कपिल, कुंबळे, द्रविड, तेंडुलकर, विनू मंकड, सेहवाग, डायना एडुलजी, नीतू डेव्हिड आणि धोनी. या यादीत हजारे नाहीत. असायला हवेत का?

पहिला फोन अर्थातच मामाला. मामा सांगलीला विश्रामबागेत राहतो, बँकेतून निवृत्त झालाय आणि जुन्या क्रिकेटचा चालताबोलता विकिपीडिया आहे. मला वाटलं, सांगलीचा माणूस, एका वाक्यात हो म्हणेल. तर तो म्हणाला, "नाही बसत रे. आपला माणूस म्हणून मत द्यायचं नसतं." आणि मग अर्धा तास त्याने हजारेंच्या विरुद्ध वकिली केली. इतकी चांगली की मला कागद घ्यावा लागला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कसोट्या फक्त ३०. इंग्लंडमध्ये दोन दौरे करूनही तिथल्या कसोटीत शतक नाही. १९५१-५२ च्या मालिकेत १६४ नाबाद आणि १५५ काढले खरे, पण तो इंग्लंडचा संघ हटन, कॉम्प्टन, बेडसर यांच्याशिवाय आलेला. दिल्लीच्या त्या कसोटीत मर्चंट १५४ आणि हजारे नाबाद १६४ यांनी इतका सावकाश खेळ केला की जिंकायची संधी हातची गेली. कसोटीत विकेट २०, त्याही ६१ च्या सरासरीने. आणि कप्तानी! १४ कसोट्या, जिंकली एक, हरले पाच. १९५२ च्या मँचेस्टर कसोटीत भारत एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. तेव्हा कप्तान कोण?

हे सगळं खरं आहे. यातला एकही आकडा मला खोडता आला नाही.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. हजारेंची कसोटी कारकीर्द एका ओळीत: ३० कसोट्या, ५२ डाव, ६ वेळा नाबाद, २१९२ धावा, सरासरी ४७.६५, शतकं ७. क्रिकेटमध्ये पन्नासची सरासरी ही वेस समजतात. वेशीच्या आत थोर, बाहेर चांगला. मी सहज भागाकार केला. ४६ वेळा बाद, म्हणजे पन्नास भरायला २३०० धावा लागतात. हजारे १०८ धावांनी कमी पडले. जपमाळेत असतात तेवढ्याच.

पण हॉल ऑफ फेममध्ये सगळे काही वेशीच्या आतले नाहीत. २०२१ साली कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या निमित्ताने आयसीसीने पाच कालखंड पाडून प्रत्येकातून दोघे घेतले. दोन महायुद्धांमधल्या कालखंडातून ऑस्ट्रेलियाचा स्टॅन मॅककेब आला: ३९ कसोट्या, २७४८ धावा, सरासरी ४८.२१, शतकं ६. महायुद्धानंतरच्या कालखंडातून इंग्लंडचा टेड डेक्स्टर आला: ६२ कसोट्या, सरासरी ४७.८९, शतकं ९. डेक्स्टरच्या निम्म्याहून कमी कसोट्यांत हजारेंची ७ आहेत, मॅककेबपेक्षा एक जास्त, तीही नऊ कसोट्या कमी खेळून. डेक्स्टरच्या जोडीला आपले विनू मंकड घेतले. मंकड तर हवेतच, त्याबद्दल वादच नाही. पण म्हणजे याच कालखंडाचा दरवाजा उघडला, समोर डेक्स्टर आणि मंकड आत गेले, आणि मंकडांचा कप्तान बाहेर राहिला.

मामा यावर म्हणाला, "कसोट्या ३० च, त्याचं काय?"

इथे मला माझी एक जुनी चूक आठवली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतली निम्मी बाजारपेठ पाण्याखाली होती. आम्ही तेव्हा दुकानांची साखळी असलेल्या एका ग्राहकासाठी विक्रीचा अहवाल बनवायचो. त्या महिन्याच्या अहवालात त्यांचं सांगलीचं दुकान सगळ्यात शेवटी आलं. इतकं शेवटी की त्यांच्या वरच्या लोकांनी तिथल्या मॅनेजरला जाब विचारला. दुकान कित्येक दिवस बंद होतं. ज्या दिवसांची नोंदच नव्हती ते दिवस मी लिहिलेल्या क्वेरीने शून्य विक्री म्हणून धरले आणि सरासरी काढली. नल म्हणजे शून्य नव्हे, हे कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ते सांगलीच्याच बाबतीत विसरावं! मॅनेजरला मी फोन करून माफी मागितली. तो बिचारा म्हणाला, "साहेब, दुकानात गळ्याइतकं पाणी होतं, विकणार काय?"

हजारेंच्या बाबतीत तेच चाललंय असं मला वाटतं. जन्म ११ मार्च १९१५, सांगली. १९३९-४० च्या मोसमात, चोविसाव्या वर्षी, पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६. भारतीयाने काढलेलं पहिलं त्रिशतक. त्याच हिवाळ्यात एमसीसीचा संघ भारतात यायचा होता. युद्ध सुरू झालं, दौरा रद्द. भारत ऑगस्ट १९३६ नंतर थेट जून १९४६ मध्ये कसोटी खेळला. हजारे पहिली कसोटी खेळले तेव्हा ३१ वर्षांचे होते. आजकाल एकतिसाव्या वर्षी खेळाडूला 'अनुभवी' म्हणतात आणि त्याच्या जागी कोण याची चर्चा सुरू होते. फलंदाजाची चोवीस ते एकतीस ही वर्षं म्हणजे दुकानाचा दिवाळीचा महिना. हजारेंच्या दिवाळीतच गळ्याइतकं पाणी.

आणि तेवढ्या काळात ते काय करत होते याची नोंद तर आहे. डिसेंबर १९४३, ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी स्पर्धा. हजारे मराठी ख्रिस्ती, त्यामुळे ते 'रेस्ट' संघात, म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन यांच्यात न बसणाऱ्या उरलेल्यांच्या. (माणसांना असं धर्मावर वाटून मॅच खेळवणं किती विचित्र होतं हा वेगळा लेख होईल. १९४६ नंतर ती स्पर्धा बंदच झाली, बरं झालं.) मुस्लिम संघाविरुद्ध हजारेंनी २४८ काढून स्पर्धेचा विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून विजय मर्चंटनी नाबाद २५० काढून तो मोडला. हिंदूंच्या ५८१. रेस्ट पहिल्या डावात सर्वबाद १३३, त्यात हजारे ५९. फॉलोऑन. दुसऱ्या डावात रेस्टच्या झाल्या ३८७ आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. धाकटा भाऊ विवेक समोर उभा राहिला, दोघांची भागीदारी ३०० ची, त्यात विवेकच्या २१. मी ही ओळ दोनदा तपासली. तीनशेतल्या एकवीस! सामना डावाने गेला तो गेलाच. पण संघाच्या ऐंशी टक्के धावा एका माणसाने काढल्या आणि विक्रम तीन-चार दिवसांत परत घेतला.

तुम्ही म्हणाल, हे घरच्या खेळपट्टीवरचं झालं. ठीक. मग ॲडलेड घ्या. जानेवारी १९४८. ऑस्ट्रेलिया ६७४, ब्रॅडमन २०१. त्या ब्रॅडमनचा त्रिफळा शेवटी उडवला कोणी? हजारेंनी. (त्याच मालिकेत सिडनीलाही त्यांनीच उडवला होता, १३ वर. ६१ ची सरासरी असली तरी विकेट निवडून घेतल्यात.) मग फलंदाजीला येऊन समोर लिंडवॉल आणि मिलर. पहिल्या डावात ११६, दुसऱ्या डावात १४५. लिंडवॉलने त्या दुसऱ्या डावात ३८ धावांत ७ घेतले. भारत २७७, त्यातल्या निम्म्याहून जास्त हजारेंच्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्यासाठी २३ वर्षं थांबावं लागलं, १९७१, पोर्ट ऑफ स्पेन, गावसकर.

आता गंमत बघा. त्या ॲडलेडच्या मैदानावरचे ब्रॅडमन, लिंडवॉल, मिलर, तिघेही आज हॉल ऑफ फेममध्ये. तरुणपणी हजारे ज्यांच्याकडे शिकले ते क्लॅरी ग्रिमेट, तेही आत. पॅडच्या मध्ये बॅट अडकवून उभं राहण्याची हजारेंची जी अजब पद्धत होती, ती बदलू नकोस असं म्हणे ग्रिमेटनीच सांगितलं होतं. इंग्लंडचे ट्रूमन आणि बेडसर आत. वेस्ट इंडिजचे वॉरेल, वीक्स, वॉलकॉट तिघेही आत. खोली अशी भरलीय की ज्यांच्याविरुद्ध हजारेंनी धावा काढल्या ते बहुतेक सगळे बसलेत, फक्त हजारेंची खुर्ची नाही.

लीड्सचं राहिलं. जून १९५२. दुसऱ्या डावात भारताच्या शून्यावर चार विकेट. परत वाचा: शून्यावर चार. ट्रूमनची पहिलीच कसोटी, प्रेक्षक वेडे झालेले, आणि कप्तान हजारे हॅटट्रिकचा चेंडू खेळायला आत आले. पहिल्या डावात ८९ काढले होते, मांजरेकरांबरोबर २२२ ची भागीदारी केली होती. आता २६ वर उम्रीगर गेले आणि दत्तू फडकर आले. फडकर कोल्हापूरचे. सांगली-कोल्हापूरने मिळून १०५ जोडल्या, हजारे ५६, फडकर ६४. ॲडलेडच्या पहिल्या डावातही हजारेंबरोबर शतक काढणारे फडकरच. ही कसोटी भारत हरला. पुढच्याच महिन्यात हेलसिंकीत कऱ्हाडच्या खाशाबांनी पदक घेतलं. एका उन्हाळ्यात, कृष्णाकाठच्या दोन माणसांनी, एकाने जिंकून आणि एकाने हरून.

कप्तानीबद्दल मामाशी मी भांडणार नाही. मनाने शांत, बुजरा माणूस. मैदानावर ओरडून काही करून घेण्यातला नव्हे. पण ती जी एक कसोटी जिंकली ती फेब्रुवारी १९५२ ची मद्रासची. इंग्लंडला डाव आणि ८ धावांनी हरवलं, मंकडांनी १२ विकेट घेतल्या, पंकज रॉय आणि उम्रीगरांची शतकं. भारताचा कसोटीतला पहिला विजय. वीस वर्षं, पंचवीस कसोट्या वाट पाहून मिळालेला. त्यात हजारेंचा स्वतःचा वाटा फार नव्हता, मान्य. कप्तानीसाठी त्यांना घ्या असं मी म्हणतच नाही. फलंदाज म्हणून घ्या.

मामाचा शेवटचा आक्षेप मात्र मला विकांतभर छळत राहिला. तो म्हणाला, "तुझा नलचा नियम लावला तर मर्चंटना का नाही? १० कसोट्या, सरासरी ४७.७२, तुझ्या हजारेंपेक्षा सात पैसे जास्त. प्रथम श्रेणीत सरासरी ७१. आणि मग भाऊसाहेब निंबाळकर? त्यांनी तर एकही कसोटी खेळली नाही, पण ४४३ नाबाद आहेत. सगळ्यांना घेणार?"

बरोबर आहे. रिकाम्या जागा आपल्या मनाने भरत गेलो तर शेवट नाही. मी जो तोडगा काढला तो असा: नल भरायचा नाही, पण जी नोंद आहे ती किती बोलते ते बघायचं. हजारेंच्या काळात भारत चार देशांशी कसोट्या खेळला: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडिज, पाकिस्तान. चारहींविरुद्ध हजारेंचं शतक आहे. ऑस्ट्रेलिया ११६ आणि १४५, वेस्ट इंडिज नाबाद १३४ आणि १२२, इंग्लंड नाबाद १६४ आणि १५५, पाकिस्तान नाबाद १४६. जेवढ्या परीक्षा घेतल्या गेल्या त्या सगळ्यांत उत्तीर्ण. शिवाय प्रथम श्रेणीत १८,७४० धावा, सरासरी ५८.३८, शतकं ६० आणि वर ५९५ विकेट. हे नमुन्याला पुरेसं आहे. निंबाळकरांबद्दल हळहळ वाटते, पण तिथे कसोटीची ओळच रिकामी आहे.

आणि आयसीसीला हा नियम माहीत नाही असंही नाही. दक्षिण आफ्रिकेचा बॅरी रिचर्ड्स पहिल्यापासून हॉल ऑफ फेममध्ये आहे. कसोट्या किती? चार. १९७० सालच्या एका मालिकेतल्या. मग वर्णद्वेषामुळे त्याच्या देशावर बहिष्कार पडला आणि त्याची कसोटी संपली. चार कसोट्यांवर त्याला घेतला, योग्यच घेतला, कारण उरलेलं जगाने कौंटीत आणि इतरत्र पाहिलं होतं. रिचर्ड्सचे न झालेले सामने ते नल मानतात. सांगलीच्या माणसाचे न झालेले सामने शून्य मानतात. ब्रेबॉर्नवरचे ते ३०९ इंग्लिश माणसाने पाहिले नाहीत, एवढाच काय तो फरक मला दिसतो. हजारे १८ डिसेंबर २००४ ला बडोद्याला गेले, हॉल ऑफ फेम त्यानंतर चार वर्षांनी निघालं. मुलाखती द्यायला, समारंभाला ब्लेझर घालून उभं राहायला ते नव्हते. एरवीही ते फार बोलले असते असं नाही.

आज सकाळी त्या पोराला मी एक्सेल पाठवली. त्याचं उत्तर आलं, "सर, हे तर दिवस-दिवस खेळायचे. मग यांच्या नावाची स्पर्धा पन्नास ओव्हर्सची कशी?" याचं उत्तर बोर्डाने द्यावं :)

मग मामाला फोन केला आणि रिचर्ड्सचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग म्हणाला, "बरं, बसतात. पण मर्चंट आधी."

म्हटलं, मामा, मर्चंटच्या १० च कसोट्या.

"रिचर्ड्सच्या किती म्हणालास?"